हिरव्या बांगडीचे मोल

श्रावण तोंडावर आला की कासाराच्या दुकानापुढची गर्दी आजही वाढते. पूर्वी कासारापुढे हात धरून बांगड्या भरून घ्यायच्या. आता मापाचा डझन पुडीत बांधून आणायचा, एवढाच काय तो फरक. रंग मात्र तेच. पोपटी, मोरपंखी, डाळिंबी, आमसुली, शेवाळी, अबोली! आपल्या भाषेने रंगांची नावे रानातून आणि परसातून उचलली आणि ती बायकांच्या मनगटांवर काचेत उतरली. नवरीचा चुडा हिरवा, डोहाळजेवणाच्या बांगड्या हिरव्या. पावसानंतर जमीन दिसते तसा हात दिसावा, हीच त्यामागची भावना असावी.

गेल्या वर्षी याच दिवसांत एका प्रदर्शनाला गेले होते. तिथे काचेच्या दागिन्यांचा एक गाळा होता. पिंपळपान, जास्वंदीची कळी, पागोळीचा थेंब, सारे काचेतले. करणारी मुलगी समोरच काम करीत बसली होती. ज्योतीवर काचेची कांडी धरायची, ती मधासारखी ओघळू लागली की सळईवर गुंडाळायची, फिरवत फिरवत आकार द्यायचा आणि मग भट्टीत सावकाश निववायची. घाई केली की काच तडकते. कानातल्या जोडीचे नऊशे रुपये मी मुकाट्याने दिले. हाताचे काम आहे, तेवढे द्यायलाच हवेत, असे मनाशी म्हटलेही.

त्याच संध्याकाळी बांगड्या घेताना मात्र डझनामागे पाच रुपये कमी करा म्हणून मी हटून बसले. घरी येऊन दोन्ही पुड्या शेजारी ठेवल्या आणि मनात आले, ही बांगडी तरी कुठल्या यंत्राने केली?

आपल्या बाजारात येणाऱ्या काचेच्या बहुतेक बांगड्या उत्तर प्रदेशातल्या फिरोझाबादच्या. तिथे भट्टीतला रसरशीत गोळा कारागीर लोखंडी सळईच्या टोकावर घेतो, त्यावर रंगीत काचेचे थर चढवतो. त्या गोळ्यातून ओढलेला धागा फिरत्या रुळावर स्प्रिंगसारखा गुंडाळला जातो. तो कापला की सुटी, तोंड उघडी राहिलेली वळी हाती येतात. ती घरोघरी जातात. कोणी आचेवर धरून त्यांची वाकडी टोके सरळ करते, कोणी ती ज्योतीवर चिकटवते. याला तिकडे सधाई आणि जुडाई म्हणतात. ज्योत हलू नये म्हणून भर उन्हाळ्यातही पंखा लावता येत नाही. मजुरी तोड्यावर, आणि एका तोड्यात तीनशेहून अधिक बांगड्या.

म्हणजे प्रदर्शनातली मुलगी आणि फिरोझाबादची जुडाई करणारी, दोघींची विद्या एकच: आच, काच आणि नजर. एकीला आपण कलावंत म्हणतो, दुसरीचे अस्तित्वही आपल्याला ठाऊक नसते. त्या मुलीला मिळाले ते योग्यच मिळाले. तक्रार तिच्याविषयी नाही. तक्रार आपल्या मोजमापाविषयी आहे.

३० डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ताजमहालाच्या परिसरातल्या कोळसा जाळणाऱ्या उद्योगांना नैसर्गिक वायू वापरा, नाहीतर स्थलांतर करा, असा आदेश दिला. फिरोझाबादही त्या पट्ट्यात येते. संगमरवर काळवंडू नये म्हणून देश जागा झाला, हे चांगलेच झाले. पण कोंदट खोलीत दिवसभर ज्योतीवर वाकलेल्या बाईच्या डोळ्यांची आणि छातीची काळजी तेवढ्या आवाजात कोणी केली?

यावर कोणी म्हणेल, काचेची बांगडी हा गरिबाघरचा दागिना. तो महाग करून कोणाचे भले होणार? आक्षेप खरा आहे. म्हणूनच थोडा हिशेब करू. डझनाला केवळ एक रुपया वाढला आणि तो जुडाई करणाऱ्या हातापर्यंत पोचला, तर तोड्यामागे पंचवीस-सव्वीस रुपये होतात. विकत घेणारीला तो रुपया जाणवणारही नाही. अडचण रुपयाची नाही, तो वाटेत न मुरता पोचण्याची आहे. त्यासाठी घरून काम करणाऱ्यांची नोंद हवी, तोड्याचा किमान दर ठरलेला हवा आणि तो पाळला जातो की नाही हे पाहणारे कोणी हवे. हवा खेळती राहील आणि ज्योतही हलणार नाही, अशा सामायिक शेड बांधणे ही काही अशक्य कोटीतली गोष्ट नव्हे.

काचेची बांगडी आपल्याकडे कालपरवा आलेली नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवरच्या उत्खननातही जुन्या काचेच्या बांगड्या निघाल्या. त्या घडवणाऱ्यांची नावे मातीत गेली, ती आता कळणे नाही. आजच्या हातांच्या बाबतीत तरी आपल्याला ती सबब नाही.

आपल्याकडे बांगडी फुटली असे म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. काचेच्या तुकड्यालाही अशुभ शब्द लागू नये, इतके जपणारी ही भाषा. त्यातले थोडे जपणे ती जोडणाऱ्या हातांच्याही वाट्याला यावे. यंदा बांगड्या भरताना मी पाच रुपयांसाठी हटून बसणार नाही. एवढ्याने फिरोझाबादची ती खोली उजळणार नाही, हे कळते. पण निदान हिरव्या बांगडीला स्वस्त म्हणताना जीभ अडखळेल.