फ्रेटलेस बेस : रेषा असलेला घ्यावा की कोरा?

फ्रेटलेस बेस गिटार घेताना पहिला प्रश्न फिंगरबोर्डचा पडतो. ‘रेषा म्हणजे कुबड्या’ हा टोमणा मनावर घेऊ नका. व्हायोलिन, सारंगीला रेषा नसतात, हे खरे. पण ३४ इंची बेसवर मोकळ्या तारेपासून पहिला स्वर सुमारे ४८ मिलिमीटरवर असतो. बाराव्यानंतरचा अवघ्या २४ मिलिमीटरवर. हा अंदाज हातात बसायला वेळ लागतो.

कळंबोलीतल्या गणेशोत्सवाच्या स्टेजवर ढोल आणि कीबोर्डच्या गदारोळात स्वतःचा सूर ऐकू येत नाही, तेव्हा रेषाच सावरतात. जॅको पास्टोरियसच्या फ्रेट काढलेल्या बेसवरही बुजवलेल्या खाचांच्या रेषा दिसत होत्या. त्याला कोणी कच्चा म्हटले नाही.

धोका एकच : डोळा कानाची जागा घेतो. म्हणून रोज दहा मिनिटे तानपुरा लावून, डोळे मिटून वाजवा. बोट रेषेच्या मागे नको, नेमके रेषेवर हवे.

कोराच घ्यायचा असेल, तर कडेचे ठिपके स्वरस्थानावर आहेत की दोन स्थानांच्या मध्ये, हे दुकानातच तपासा. पहिलाच फ्रेटलेस असेल, तर पैसे रेषा असलेल्यावर घाला. रेषा जागा दाखवतात. सूर शेवटी कानच लावतो.