विश्लेषण : फॉल्स सीलिंगला लावलेले पंखे, दिवे का निखळतात? जबाबदारी कोणाची?

नव्या फ्लॅटपासून दवाखान्यापर्यंत जिप्सम बोर्डचे फॉल्स सीलिंग आता सर्रास दिसते. त्यातला दिवा लोंबू लागला किंवा पंखा डुगडुगू लागला, की वायरमनला बोलावून स्क्रू आवळून घेतले जातात. काही दिवसांत तो पुन्हा सैल होतो. कारण दोष बहुतेक वेळा स्क्रूचा नसतो. वजन चुकीच्या जागी टाकलेले असते.

फॉल्स सीलिंग कशावर टिकून असते?

स्लॅबमध्ये फास्टनर मारून त्याला पत्र्याच्या पट्ट्या टांगतात. पट्ट्यांना जीआय चॅनेल जोडतात आणि चॅनेलला खालून बोर्ड स्क्रूने बसवतात. बोर्डची जाडी साधारण 12.5 मिलिमीटर असते. आत जिप्समचा ठिसूळ गाभा आणि दोन्ही बाजूंना जाड कागद. बोर्डच्या ताकदीचा मोठा वाटा या कागदाचा असतो. एक चौरस मीटर बोर्डचे वजन आठ-नऊ किलो भरते. म्हणजे 10 बाय 10 फुटांच्या खोलीत सुमारे 80 किलो बोर्ड डोक्यावर टांगलेला असतो. सांगाडा हे वजन पेलण्यासाठी असतो, पंखा किंवा झुंबर पेलण्यासाठी नाही.

भिंतीत टिकणारी गट्टी छतात का टिकत नाही?

भिंतीतला स्क्रू आडवा असतो आणि फोटोफ्रेमचे वजन खाली ओढते. त्यामुळे स्क्रू भोकातून बाहेर येण्याचा जोर कमी असतो. छतात मात्र सगळे वजन स्क्रूला थेट भोकाबाहेर ओढते, तेही चोवीस तास. शिवाय काँक्रीटमध्ये प्लास्टिकची गट्टी फुगते आणि कडांना घट्ट धरून बसते. जिप्सममध्ये तिच्या दाबाने कडाच चुरतात. त्यात पंख्याची थरथर आली की भोक मोठे होत जाते. अशा भोकात तोच स्क्रू पुन्हा आवळणे म्हणजे चुरा आणखी वाढवणे.

सुटलेली वस्तू पक्की कशी करावी?

आधी एमसीबी बंद करावा. पुढचे वस्तूच्या वजनावर ठरते.

पंखा, झुंबर, प्रोजेक्टर : यांचा भार थेट स्लॅबवरच हवा. स्लॅबमधल्या हुकाला किंवा फास्टनरला दांडी जोडून ती बोर्डच्या भोकातून मोकळी खाली आणावी. बोर्डवर पंख्याचा जराही भार नको.

छोटे दिवे, स्मोक डिटेक्टर : शक्य असेल तर स्क्रू चॅनेलमध्येच मारावा. बोर्डवरून लोहचुंबक फिरवला की स्क्रू आणि चॅनेलची रेषा सापडते. तिथे चॅनेल नसेल, तर टॉगल बोल्ट वापरावा. त्याचे पंख बोर्डच्या वर उघडतात आणि वजन मोठ्या भागावर पसरते. दोन चॅनेलवर प्लायवूडची फळी टाकून तिच्यात स्क्रू घेणे आणखी भरवशाचे. जुने भोक भरून टाकावे आणि नवे त्यापासून थोडे दूर पाडावे.

खाचेत बसणारे एलईडी : हे स्प्रिंग क्लिपवर टिकतात. आधी क्लिप तपासावी. भोक मोठे झाले असेल, तर थोड्या मोठ्या व्यासाचा दिवा घ्यावा.

पावसाळ्यात धोका का वाढतो?

गळतीचे पाणी बोर्डवर साचते. कागद भिजून सैल होतो, गाभा मऊ पडतो आणि बोर्डचे वजन वाढते. पत्रा आणि स्क्रू गंजतात ते वेगळेच. छतावर पिवळा डाग, फुगवटा किंवा सरळ रेषेत गेलेली चीर दिसली, तर प्रश्न एका दिव्यापुरता उरत नाही. खालची जागा रिकामी करून आधी गळती थांबवावी. भिजून फुगलेला बोर्ड बदलावाच लागतो.

जपानने काय धडा घेतला?

11 मार्च 2011 च्या भूकंपात टोकियोतील कुदान काइकान सभागृहाचे छत कोसळून दोघांचा मृत्यू झाला. इमारत उभी राहिली, टांगलेले छत मात्र आले. त्यानंतर जपानने एप्रिल 2014 पासून सहा मीटरहून उंच, 200 चौरस मीटरहून मोठ्या आणि चौरस मीटरला दोन किलोहून जड अशा टांगत्या छतांसाठी वेगळे नियम लागू केले.

दरम्यान, 2 डिसेंबर 2012 रोजी सासागो बोगद्यात छताच्या काँक्रीट फळ्या कोसळून नऊ जण दगावले. या फळ्या बोगद्याच्या काँक्रीटमध्ये रसायनाने चिकटवलेल्या बोल्टवर टांगलेल्या होत्या. भार काँक्रीटवर नेला तरी जोड वर्षानुवर्षे तपासावा लागतो, हे त्यातून दिसले. जपानने 2014 मध्ये बोगदे आणि पुलांची दर पाच वर्षांनी जवळून तपासणी सक्तीची केली.

आपल्याकडे जबाबदारी कोणाची?

सीलिंग बिल्डरने दिले असेल, तर रेरा कायद्याच्या कलम 14(3) चा आधार आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत कामाच्या दर्जातील दोष लक्षात आणून दिल्यास बिल्डरने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून होणारी गळती संस्थेने, तर शौचालय किंवा सिंकमुळे होणारी सदस्याने दुरुस्त करायची असते.

मात्र, बहुतेक घरांत सीलिंग मालक स्वतः करून घेतो. सांगाडा एक जण उभारतो, बोर्ड दुसरा बसवतो आणि आठवड्याने येणारा वायरमन दिसेल तिथे भोक पाडतो. या तिघांच्या मधला जोड कोणाच्याच जबाबदारीत येत नाही आणि निखळतो तो तिथेच.

त्यावर उपाय स्वस्त आहे. पंखे, झुंबरे कुठे येणार हे सांगाडा उभारण्याआधीच ठरवावे, त्या जागी स्लॅबला हुक असल्याची खात्री करावी आणि ते कंत्राटदाराच्या कोटेशनमध्ये लिहून घ्यावे. बोर्ड लावण्यापूर्वी हुक, चॅनेल आणि वायरिंगचे फोटो काढून ठेवावेत. बोर्ड एकदा लागला की वरचे काहीच दिसत नाही. पुढे दुरुस्ती करताना आणि वाद झाल्यास तेच फोटो कामी येतात.