द्राक्षाचा पत्ता लागतो, मग कोयत्याचा का नाही?

'सस्टेनेबल सप्लाय चेनमुळे कंपनीचा परफॉर्मन्स सुधारतो का?' कॉमर्स किंवा मॅनेजमेंटला असाल तर हा प्रश्न तुम्हाला एकदा तरी पडलेला असणार. म्हणजे पेपरात पडलेला. त्याचं उत्तरही ठरलेलं आहे. हो, सुधारतो. ब्रँडचं नाव होतं, रिस्क कमी होते, वेस्टेज वाचतं, गुंतवणूकदार खूश. चार पॉइंट, एक आकृती, मिळाले मार्क.

उत्तर चूक नाहीये. त्याचा पुरावा नाशिकमध्ये आहे. पण नाशिकची गाडी पकडून परत येताना जरा कोल्हापूर-सांगलीकडूनही या, म्हणजे याच उत्तराची दुसरी बाजू दिसेल.

आधी नाशिक. 2003 मध्ये नेदरलँड्सला गेलेल्या भारतीय द्राक्षांमध्ये कीटकनाशकाचे अंश सापडले. निर्यात अडचणीत आली आणि सगळे खडबडून जागे झाले. पुण्याजवळ मांजरीला द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथल्या प्रयोगशाळेच्या देखरेखीखाली निर्यातीच्या द्राक्षांची तपासणी सुरू झाली. मग अपेडाने 'ग्रेपनेट' आणलं. निर्यात करायची तर बागेची नोंदणी, नमुन्याची तपासणी, पॅकहाऊसची नोंद, सगळं ऑनलाइन. युरोपातल्या दुकानात पडलेली पेटी मागे मागे शोधत आलात तर थेट बागेपर्यंत पोचता येईल, अशी व्यवस्था.

तरीही 2010 मध्ये पुन्हा फटका बसला. छाटणीनंतर वेलीची वाढ आटोक्यात ठेवायला शेतकरी एक संजीवक वापरायचे, क्लोरमेक्वाट क्लोराइड. बागाईतदार त्याला लिहोसिन म्हणतात. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच. युरोपची मर्यादा होती किलोमागे 0.05 मिलिग्रॅम. कंटेनर तिकडे पोचले, तपासणीत अडकले आणि निर्यातदारांसकट शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. चूक एका रसायनाची होती, पण भोगली सगळ्यांनी.

त्यानंतर यादी वाढली, तपासणी कडक झाली, निर्यात परत उभी राहिली. त्याच सुमारास दिंडोरी तालुक्यात मोहाडीला विलास शिंदे यांच्या पुढाकाराने 'सह्याद्री फार्म्स' ही शेतकऱ्यांची कंपनी आकाराला आली. आज ती देशातल्या मोठ्या द्राक्ष निर्यातदारांपैकी आहे. 2022 मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांनी तिच्यात सुमारे 310 कोटी रुपये घातले. पेपरात लिहायला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. साखळी स्वच्छ ठेवली, धंदा वाढला.

आता ऊस. साखर कारखान्यांकडे ट्रॅकिंग नाही असं कुणाला वाटत असेल तर तो गैरसमज आहे. ऊस तोडला की त्यातली साखर उतरायला लागते, म्हणून तो शक्यतो 24 तासांत गाळपाला गेला पाहिजे. त्यामुळे कारखान्याचं शेती खातं प्रत्येक प्लॉटची लागण नोंदवतं. कुणाचा ऊस कधी तुटणार याचा कार्यक्रम लागतो. चिटबॉय फडात फिरत असतो. काट्यावर गाडी आली की शेतकऱ्याचं नाव, गाडीचा नंबर, वजन, सगळं पावतीवर येतं. सप्लाय चेन मॅनेजमेंटचं पुस्तक न वाचता चालवलेली ही भारी सप्लाय चेन आहे!

या पावतीवर फक्त ऊस तोडणारी बाई नसते.

बीडसारख्या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे लाखो माणसं तोडीला निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. हिशोबात दोन माणसं नाहीतच, एक अवजार आहे. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि हंगामभर तोडून फेडायची. पहाटे फड गाठायचा, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत चढवायच्या. रात्री कोपीत झोपायचं. खाडा झाला की पैसे कापले जातात, मग कारण ताप असो वा पाळी. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला आणि टनाला 366 रुपये झाला. एका कोयत्याने दिवसाला दीड-दोन टन तोडला तर दोघांना मिळून किती, हे गणित तुम्हीच करा. त्यातून आधी उचल वळती होणार हेही धरा.

2019 मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या 13 हजारांहून जास्त बायकांची गर्भपिशवी काढलेली होती. 'पिशवी काढली' असं तिकडे म्हणतात, दाढ काढली म्हणावं तसं. पाळी, अंगावरचं जाणं, खाडा, डॉक्टरचा खर्च, हे सगळं एकदाच मिटवून टाकायचा तो मार्ग झाला होता. मार्च 2024 मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्टने हाच धागा पकडून पुढची कडी जोडली. महाराष्ट्रातल्या अशा उसाची साखर कोका-कोला आणि पेप्सीच्या साखळीत जाते, असं त्यांनी छापलं.

त्या बातमीनंतर तुमच्या कँटीनमधला फ्रिज एक दिवस तरी रिकामा राहिला का? माझ्या तरी नाही. त्या आठवड्यात मीही प्यायले असेन, आठवतसुद्धा नाही.

मला जे म्हणायचंय ते इथे आहे. द्राक्षाची साखळी सुधारली, कारण चुकीची किंमत ज्याला भरावी लागली त्याच्याच हातात सुधारणा होती. कंटेनर अडकला की निर्यातदाराचे पैसे जात होते. रसायन द्राक्षात उरतं आणि मशीनमध्ये दिसतं. साखरेत काहीच उरत नाही. कुठल्याही लॅबमध्ये न्या, पांढरी शुभ्र साखरच सापडेल. किंमत बीडमधली एखादी तिशीतली बाई भरते. ती ना कारखान्याच्या पगारपत्रकावर आहे, ना कोला कंपनीच्या. कारखाना म्हणतो ती मुकादमाची माणसं, आणि मुकादम काही बॅलन्सशीट छापत नाही. तेव्हा 'सस्टेनेबिलिटीने परफॉर्मन्स सुधारतो का' हे विचारताना कुणाच्या वहीतला परफॉर्मन्स, हे आधी विचारायला हवं. कंपनीच्या वहीत ही साखर स्वस्त आणि वेळेवर आलेली आहे, म्हणजे परफॉर्मन्स उत्तमच.

आता तुम्ही म्हणाल, इतकं सगळं धंद्यावर टाकून कसं चालेल? कारखानेच थकबाकीत असतात. मान्य. शेतकऱ्याला एफआरपी द्यायची असते, तीही कायद्याने 14 दिवसांत, आणि ती देतानाच अनेकांच्या नाकी नऊ येतात. पण ही उचलीची पद्धत कारखान्यांना तरी कुठे परवडतेय? वाहतूकदार लाखोंची उचल मुकादमाला देतो आणि टोळी येतच नाही, अशा फसवणुकीच्या तक्रारी दर हंगामात पोलिसांत जातात. टोळ्या कमी पडल्या की ऊस फडात वाळतो, उतारा घटतो. शेतकरी तोड मिळावी म्हणून वर पैसे मोजतो. नव्या पोरांना तोडीला जायचंच नाहीये. का जावं? म्हणून तर हार्वेस्टरची चर्चा. माणसं वापरून संपवणारी साखळी शेवटी माणसांवाचून अडते, आणि त्या दिवशी तो खर्च कारखान्याच्याही वहीत येतो. फक्त उशिरा, आणि तोवर 13 हजार बायका मोजून झालेल्या असतात.

कागदावर नियम येतायत. सेबीने 2022-23 पासून देशातल्या सर्वांत मोठ्या 1000 लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर नावाचा शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. पुढे सर्वांत मोठ्या 250 कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांचीही माहिती द्यावी असं ठरलं होतं. मग ते एक वर्ष लांबलं, ऐच्छिक झालं, आणि ज्यांच्याशी 2 टक्के किंवा जास्त खरेदी-विक्री आहे तेवढेच भागीदार धरायचे असं ठरलं. कुठल्या मुकादमाचा वाटा कुठल्या लिस्टेड कंपनीच्या खरेदीत 2 टक्के भरणार? युरोपनेही 2024 मध्ये पुरवठा साखळीच्या जबाबदारीचा कायदा केला आणि पुढच्याच वर्षी त्याची मुदत लांबवली.

माझी मागणी तशी छोटी आहे. काट्याच्या पावतीवर टोळीतल्या प्रत्येक माणसाचं नाव यावं, बाईचं वेगळं. तिचे पैसे तिच्या खात्यावर. पाळीच्या, आजारपणाच्या सुटीला खाडा नाही. साखर विकत घेणाऱ्या कंपनीने करारात हे घालावं, जसं युरोपातल्या दुकानदाराने द्राक्षात घातलं. सॉफ्टवेअर आहेच, फक्त एक रकाना वाढवायचाय. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार महामंडळही आहे, म्हणजे नाव पाठवायला पत्ताही आहे.

तुमच्यातले काही जण पुढच्या दोन-तीन वर्षांत याच कंपन्यांच्या परचेस डिपार्टमेंटमध्ये बसणार आहेत. त्याआधी प्रेझेंटेशनं असतीलच. त्यात आपण सगळे तीच आकृती काढतो. डावीकडे 'शेतकरी', मग कारखाना, मग कंपनी, मग दुकान, शेवटी ग्राहक. यंदा 'शेतकरी'च्या पुढे, कारखान्याच्या आधी, एक चौकोन वाढवा आणि त्यात 'कोयता' लिहा. सर विचारतील, हे काय मध्येच?

सांगा त्यांना. पाच मिनिटं तरी लागतील.