आरामाचं माप कोणाचं?

संस्थेसाठी गाडी घ्यायची असं गेल्या वर्षी ठरलं. त्यावर जेवढ्या बैठका झाल्या, तेवढ्या पोटगीच्या एखाद्या अवघड दाव्यावरही आम्ही घेतल्या नसतील. शेवटी पिकअप घ्यावी यावर एकमत झालं, ते आमच्या कामामुळे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 19 (8) नुसार न्यायालय बाईचं स्त्रीधन परत करण्याचा आदेश देऊ शकतं. पण आदेशाचा कागद काही कपाट उचलून आणत नाही. भाड्याचा टेम्पोवाला त्या गावात शिरायला कचरतो, नाहीतर सासरच्यांच्याच ओळखीचा निघतो. कपाट, शिलाई मशीन, भांडी, लेकरांची दप्तरं आणि खुद्द ती बाई व तिची मुलं, हे सगळं एका फेरीत बाहेर पडायला हवं. दुसऱ्या फेरीची संधी मिळेलच असं नसतं. शिवाय बचत गटांचा मसाला, शिबिराच्या सतरंज्या, रात्री-अपरात्री दवाखाना हे आहेच. म्हणजे ओझं वाहणारी, पण रोज चालवता येईल अशी गाडी हवी होती.

चौकशी करायला मी आणि आमचे हिशेबनीस काका गेलो. काकांना सायकलशिवाय काही चालवता येत नाही. तरी विक्रेता सगळी माहिती त्यांनाच सांगत होता आणि ‘मॅडम मागं बसतील ना’ म्हणून माझ्यासाठी मागचं दार उघडत होता. ‘गाडी मी चालवणार आहे,’ म्हटल्यावर तो हसला. ‘जड गाडी आहे मॅडम, ड्रायव्हर ठेवा.’ मैत्रिणींनो, हा अनुभव तुम्हालाही नवा नसेल. पण मला सांगायचंय ते त्या विक्रेत्याच्या हसण्याबद्दल नाही. गाडीसुद्धा त्याच्याच बाजूनं बोलत होती, हे सांगायचंय.

माझी उंची पाच फूट. डबल केबिनच्या त्या मध्यम पिकअपला ‘कारसारखी आरामशीर’ म्हणून नावाजतात. पायरीवर पाय ठेवून, दारावरचा दांडा धरून मी वर चढले. क्लच पूर्ण दाबायचा तर सीट अगदी पुढं ओढावी लागली आणि स्टिअरिंग छातीशी आलं. सीटची उंची बदलायची सोय नव्हती, त्यामुळे बॉनेटपुढचा रस्ता दिसेना. सीटबेल्ट खांद्याऐवजी मानेवर घासत होता. साडीच्या निऱ्या सावरत तिथं चढणाऱ्या आमच्या साठीतल्या कार्यकर्त्या माझ्या डोळ्यांसमोर आल्या. शेजारी बसलेले काका मात्र म्हणाले, ‘गाडी झकास आहे.’ ते पावणेसहा फूट आहेत. खोटं ते बोलत नव्हते.

नंतर तीच गाडी ओळखीच्या एका शेतकऱ्याकडून दिवसभरासाठी मागून आणली. तुमच्यापैकी कुणी गाडी घेणार असाल तर असंच करा, दुकानाभोवतीच्या गुळगुळीत रस्त्यावर काही कळत नाही. पिकअपच्या मागच्या चाकांवर पोलादी पाटे असतात. ते ओझं पेलायला केलेले असतात, म्हणून हौदा रिकामा असला की गाडी उसळते. हौद्यात आठ-दहा पोती टाकली की तीच गाडी शहाण्यासारखी चालते. मागचा भाग हलका असल्यानं ओल्या रस्त्यावर रिकामी गाडी घसरण्याची भीती जास्त. मागच्या सीटची पाठ जवळजवळ सरळ असते. तासाभराच्या प्रवासात आमच्यातल्या सात महिन्यांच्या गरोदर मैत्रिणीनं दोनदा गाडी थांबवायला लावली. टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉस अशा गाड्या सव्वापाच मीटरहून लांब आहेत. त्या आमच्या ऐपतीत नव्हत्याच, पण बाजाराच्या गल्लीत एवढी लांब गाडी रोज वळवायची कशी, हा हिशेबही करावा लागतो.

तरी ‘बायकांना जमत नाही’ असा निष्कर्ष कुणी काढू नये. संध्याकाळपर्यंत मला गाडी नीट आली. सीटवर घट्ट उशी घेतली, आरसे बदलून घेतले, एवढंच. आणि ‘ड्रायव्हर ठेवा’ याला कायद्याचाही आधार नाही. साडेसात टनांपर्यंतची मालगाडी हलक्या मोटार वाहनाच्या साध्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये सांगितलं आणि नोव्हेंबर 2024 मध्ये घटनापीठानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. ज्या मैत्रिणीकडे कारचा परवाना आहे, तिच्याकडे पिकअपचाही आहे.

प्रश्न आहे तो मापाचा. गाडीच्या धडकेच्या चाचणीत माणसाऐवजी पुतळा बसवतात. जगभर सर्वांत जास्त वापरला गेलेला पुतळा आहे अमेरिकेत सत्तरच्या दशकात घडवलेला, सुमारे 175 सेंटिमीटर उंच, 78 किलो वजनाचा पुरुष. बाई म्हणून जो पुतळा वापरतात, तो जेमतेम पाच फुटांचा, 49 किलोचा. तो मुख्यतः पुरुषाचंच माप आकसून केलेला आहे. सरासरी बाईच्या शरीरावरून बेतलेला पुतळा स्वीडनमधल्या संशोधकांनी लोकांपुढे आणला तो 2022 मध्ये, तोही मागून बसणाऱ्या धडकेपुरता. याचे परिणाम आकड्यांत दिसतात. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2011 मध्ये अमेरिकेतल्या अपघातांवरून दाखवलं, की सारख्याच धडकेत, पट्टा बांधलेला असूनही, चालक बाईला गंभीर इजा होण्याची शक्यता पुरुषापेक्षा 47 टक्के जास्त असते. आपल्याकडे ऑक्टोबर 2023 पासून ‘भारत एनकॅप’ ही तारे देणारी चाचणी सुरू झाली, पण ती प्रवासी गाड्यांसाठी आहे. मालवाहू पिकअप तिच्या कक्षेतच येत नाही.

पण एवढं सगळं झालं केबिनमधल्या बाईबद्दल. पिकअपमधल्या बहुतेक बायका केबिनमध्ये नसतातच. त्या हौद्यात असतात.

सोयाबीन काढणीच्या दिवसांत पहाटे आमच्या तालुक्याच्या फाट्यावर उभं राहा. दोन माणसांच्या केबिनमागं वीस-पंचवीस बायका उभ्या, हातात विळे आणि भाकरीची फडकी, कडेवर लेकरू. धरायला फाळक्याची कड, नाहीतर शेजारणीचा खांदा. गाडी उलटली तर हे कायद्याला ‘माल’ही नाहीत आणि ‘प्रवासी’ही नाहीत. 1994 च्या दुरुस्तीनंतर मालगाडीच्या विम्यात मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी येतो, इतर प्रवासी येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं आशा राणी खटल्यात हेच स्पष्ट केलं. हौद्यातल्या मजूर बाईची भरपाई मग गाडीमालकाकडून वसूल करायची, आणि त्याच्याकडे बहुधा कर्जावरच्या त्या गाडीशिवाय काही नसतं.

आता आपल्याच घरातली गोष्ट. बैठकीत एक सूचना आली: सिंगल केबिन घेऊ, स्वस्त पडेल, हौदा मोठा मिळेल, मोर्चाला तीस बायका जातील. मी विरोध केला, तेव्हा आमच्या एक ज्येष्ठ ताई म्हणाल्या, ‘अगं, आपण जन्मभर हौद्यातनंच मोर्चाला गेलो. काय झालं?’ त्यांचं खरं आहे. त्याच हौद्यात उभं राहून त्यांनी घोषणा शिकवल्या, मलाही. पण काही झालं नाही हे आपलं नशीब होतं, आपली व्यवस्था नव्हती. शेतमालकानं बायका हौद्यात भरल्या तर आपण निवेदन देतो, आणि आपण भरल्या तर त्याला चळवळ म्हणतो. ही विसंगती मला टोचते. त्या बैठकीत मी आवाज चढवला, त्याबद्दल ताईंची माफी मागितली आहे. मुद्दा मागं घेतलेला नाही.

अखेर डबल केबिन घेतली, जुनी, एका हातची. चालकासकट पाच जणी, प्रत्येकीला पट्टा. हौद्यात फक्त सामान, असा ठराव वहीत लिहिला. तीन कार्यकर्त्या गाडी शिकल्या. पहिल्या महिन्यात एका मैत्रिणीचं शिलाई मशीन आणि कपाट हौद्यात आलं आणि ती स्वतः दोन मुलांसह केबिनमध्ये बसून आली. मोर्चाला मात्र त्या महिन्यात आमच्याकडून नेहमीपेक्षा कमी बायका गेल्या. ही किंमत आहे, ती लपवायची नाही.

आमच्या ठरावानं फाट्यावरच्या बायकांचा प्रश्न सुटत नाही, हेही कळतं. हौद्यात चढू नका असं त्यांना सांगणं सोपं आहे, पण मग त्यांनी जायचं कशानं? मार्च 2023 पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे. पण पहाटे सहाला वस्तीवर एस.टी. येतच नसेल, तर अर्धं तिकीट कशाचं? कामाच्या वेळेला बस आणि मजुरांची ने-आण करणाऱ्यावर विम्याची सक्ती, या दोन मागण्या आपल्या पुढच्या निवेदनात असाव्यात असं मला वाटतं.

आणि तोवर, मैत्रिणींनो, तुमच्या संस्थेच्या दारातली गाडी एकदा बघा. तिच्या केबिनमध्ये कोण बसतं, हौद्यात कोण उभं राहतं, आणि चावी कोणाच्या खिशात असते? आम्हाला लिहून कळवा.