इंजिन मोठं केलंत, ब्रेकचं काय?

तुमच्याही ग्रुपमध्ये असा एक जण असेलच. घरी बाबांची जुनी मारुती ८००, खिशात पहिल्या नोकरीचे पैसे आणि फोनमध्ये सेव्ह केलेले पन्नास रील्स. बॉनेट उघडतं, छोट्या गाडीतून मोठ्या इंजिनाचा आवाज घुमतो आणि खाली कमेंट येते, 'विषय हार्ड!'

माझ्या मित्राने हे खरंच केलं. भंगारात निघालेल्या एस्टीमचं इंजिन आणलं. कोल्हापुरातल्या एका गॅरेजमध्ये गाडी महिनाभर उभी राहिली आणि 'रॉकेट' होऊन बाहेर आली. खोटं कशाला बोलू, पहिल्या राउंडला मीच ओरडले होते, 'अजून दाब!'

मग आम्ही पन्हाळ्याला निघालो. एरवी घाटात सेकंड गिअरमध्ये धापा टाकणारी ८०० त्या दिवशी वळणावर आली ती अशा वेगाने, जो तिने जन्मात पाहिला नव्हता. मित्राने ब्रेक मारला. गाडी घसरली आणि थांबली ती समोरच्या लेनमध्ये. उतरणारी एसटी आमच्यापासून दहा-बारा फुटांवर. ड्रायव्हरकाकांनी शिव्या घातल्या म्हणे. मला काहीच ऐकू आलं नाही.

झालं काय होतं? ८०० चं मूळ इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, ताकद साधारण ३७ बीएचपी. एस्टीमचं १२९८ सीसीचं, चार सिलिंडरचं, नंतरच्या मॉडेल्समध्ये ८५ बीएचपीच्या आसपास. म्हणजे ताकद दुपटीहून जास्त. पण बारा इंची चाकं, ब्रेक, सस्पेन्शन सगळं जुनंच. शिवाय नाकावरचं वजन वाढलेलं. बारावीचं फिजिक्स आठवा: वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. आणि ती सगळी जिरवायची कोणी? त्याच जुन्या ब्रेकने!

तुम्ही म्हणाल, मग छोट्या गाडीत मोठं इंजिन टाकायचंच नाही का? टाकायचं की! इंग्लंडमधली मिनी आठवा. १९५९ मध्ये आली तेव्हा ८४८ सीसीची साधी घरगुती गाडी. १९६१ मध्ये जॉन कूपर यांच्या नावाची मिनी कूपर आली, ९९७ सीसीची. पण इंजिन वाढवलं तेव्हाच पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही बसवले. पुढे १९६४ मध्ये याच घराण्यातल्या कूपर एसने मोंटे कार्लो रॅली जिंकली. आपल्या रील्समध्ये इंजिन स्टार्ट करतानाचा शॉट असतो, ब्रेक मारतानाचा कधीच नसतो.

आता कागदांचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांना छेद जाईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनीला क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं. आणि शिक्षा होते मालकाला. आरसीवर नाव कोणाचं आहे, एकदा बघून घ्या. माझ्या मित्राच्या आरसीवर त्याच्या बाबांचं होतं.

तरी एक तक्रार सरकारकडेही आहे. सीएनजीला मान्यताप्राप्त किटची वाट आहे, इलेक्ट्रिक कन्व्हर्जनला आहे. मग पूर्ण काम नीट करणाऱ्याला तपासणीची वाट का नाही? जर्मनीत अशी बदललेली गाडी तज्ज्ञ तपासतात आणि पास झाली तर बदल कागदपत्रांत नोंदवतात. सरसकट 'नाही' म्हटल्यावर पोरं थांबत नाहीत, लपून करतात. आणि लपून केलेल्या कामाचे ब्रेक कोण तपासणार?

तोवर हात शिवशिवत असतील तर बाहा एसएई इंडिया आहे, फॉर्म्युला भारत आहे. कॉलेजची टीम करा, गाडी शून्यापासून बांधा. तिथे ब्रेकच्या चाचणीत नापास झालात तर गाडी शर्यतीत उतरूच देत नाहीत. रस्त्यावर ही चाचणी कोण घेतं? समोरून येणारी एसटी.

माझा मित्र सध्या जुनं ७९६ सीसीचं इंजिन शोधत फिरतोय. स्वतःचं होतं ते गॅरेजवाल्याने भंगारात घातलं. बाबांना त्याने अजून सांगितलेलं नाही. गाडी मात्र पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी आहे.