ग्रॅमचा हिशेब

बालरोगतज्ज्ञाला वजनाचे महत्त्व वेगळे पटवून द्यावे लागत नाही. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे अर्भक हाती आले की शंभर ग्रॅमचा फरकही आम्हाला मोठा वाटतो. त्यामुळे आपल्या व्यवसायबंधूंमध्ये रोड सायकलच्या वजनाविषयी रंगणारी चर्चा मी आस्थेने ऐकतो. मात्र ग्रॅम कोठे वाचवावा आणि कोठे वाचवू नये, हा विवेक त्या चर्चेत हरवू लागला आहे, असे माझे मत आहे.

सायकलची ही आवड स्वागतार्हच आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंच्या संघाने २०१५ साली ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत पूर्ण केली. वैद्यकीय व्यवसाय सांभाळूनही काय साधता येते, हे त्यांनी दाखवून दिले. बेळगावहून चोर्ला घाटाकडे निघणाऱ्या सायकलस्वारांतही आता डॉक्टर मंडळी दिसतात.

या मंडळींचा आवडता विषय म्हणजे कार्बनचा फोर्क, अर्थात पुढचा चिमटा. पोलादी फोर्क काढून कार्बनचा बसवला की साधारणपणे चारशे ग्रॅम वाचतात. रस्त्याची बारीक थरथरही हातांना कमी जाणवते. हा खर्च मला मान्य आहे. आक्षेप आहे तो त्यानंतरच्या हव्यासाला.

फोर्कची वर जाणारी नळी स्टेमच्या पकडीत आवळली जाते. धातूच्या नळीत चांदणीच्या आकाराचा नट ठोकून बसवतात. कार्बनच्या नळीत तो चालत नाही, कारण त्याचे दाते आतली भिंत ओरबाडतात. म्हणून तेथे फुगणारा एक्स्पांडर प्लग घालतात. हेडसेटची बेअरिंगे एकदा नीट बसली की पुढे स्टेमचे स्क्रू ती धरून ठेवतात. तेव्हा हा प्लग काढला तर तीस-चाळीस ग्रॅम वाचतात, असा युक्तिवाद ऐकू येतो. तो अर्धाच खरा आहे. स्टेम बाहेरून आवळत असताना नळीच्या भिंतीला आतून आधार देणे, हेही प्लगचेच काम आहे.

आता हिशेब पाहू. स्वार व सायकल मिळून ऐंशी किलो वजन धरले, तर चाळीस ग्रॅम म्हणजे दोन हजारावा भाग. तासाभराच्या चढणीत त्यातून वाचतात जेमतेम दोन सेकंद! त्या दोन सेकंदांसाठी आपण पणाला लावतो ते हनुवटी, दात आणि गळपट्टीचे हाड. कारण ही नळी तुटली तर हँडल हातात येते आणि सावरायला अवधी मिळत नाही. २००६ च्या पॅरिस-रूबे शर्यतीत जॉर्ज हिन्कापीसारख्या निष्णात स्वारावर नेमका हाच प्रसंग आला. त्याची नळी तर अ‍ॅल्युमिनियमची होती, आणि त्याच शर्यतीत तो आधी एकदा पडलाही होता.

म्हणून माझे सांगणे सरळ आहे. निर्मात्याने सांगितलेलाच प्लग वापरावा. स्टेमवर छापलेल्या आकड्याइतकेच, बहुधा पाच न्यूटन-मीटर, स्क्रू टॉर्क रेंचने आवळावेत. मनगटाच्या अंदाजाने नव्हे. नळी कापताना तोंडावर मास्क असावा आणि घाई नसावी. दोन सेंटिमीटर नळी अधिक कापून वाचतात ते केवळ काही ग्रॅम. पन्नाशीतल्या पाठीने उद्या हँडल उंच मागितले, तर कापलेली नळी पुन्हा जोडता येत नाही. सायकल जोरात आपटली असेल, तर फोर्क काढून जाणकाराकडून तपासून घ्यावा.

औषधाची मात्रा ठरवताना आपण परिणामाबरोबर सुरक्षिततेची मर्यादाही पाहतो. तीच शिस्त सायकलच्या बाबतीत सोडण्याचे कारण नाही. आणि खरोखरच वजन घटवायचे असेल, तर आपल्यापैकी बहुतेकांच्या कमरेभोवती त्याचा साठा किलोंनी उपलब्ध आहे. तो उतरवताना काहीही तुटत नाही.