आधी पार्किंग दाखवा, मग गाडी घ्या! पण हे तपासणार कसं?

मे २०२५ मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी सांगितलं की, पार्किंगची जागा असल्याचं प्रमाणपत्र नसेल तर नव्या गाडीची नोंदणी होणार नाही. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर लगेच मीम्स सुरू झाले. मी तेव्हा पुण्यात वन बीएचके शोधत होतो, त्यामुळे मला वेगळाच प्रश्न पडला. माझ्याकडे फक्त स्कूटर आहे. तरी सेल्स ऑफिसमध्ये उत्तर ठरलेलं: "सर, कार पार्किंग पॅकेजमध्येच आहे, ते काढता येणार नाही."

म्हणजे ज्याच्याकडे कार नाही तोही कारच्या जागेचे पैसे भरतो. हे असं का होतं, आधी ते बघू.

नियम काय सांगतो?

इमारतीचा नकाशा मंजूर करून घेताना बिल्डरला ठरावीक पार्किंग दाखवावंच लागतं. किती कार्पेट एरियाच्या किती फ्लॅटमागे किती कार आणि किती टू-व्हीलर, याचा तक्ताच असतो. राज्यातल्या बहुतेक शहरांना २०२० ची यूडीसीपीआर नियमावली लागू आहे, मुंबईला डीसीपीआर २०३४.

कागदावर एका कारची चौकट साधारण २.५ बाय ५ मीटर, म्हणजे १२.५ चौरस मीटर. पण गाडी आत यायला रस्ता लागतो, वळायला जागा लागते, रॅम्प लागतो. दिल्लीच्या मास्टर प्लॅन २०२१ मध्ये हे सगळं धरून एका कारमागे स्टिल्टमध्ये २८ आणि बेसमेंटमध्ये ३२ चौरस मीटर धरले आहेत. ३२ चौरस मीटर म्हणजे जवळपास ३४५ चौरस फूट. एका छोट्या वन बीएचकेच्या जवळ जाणारा आकडा! हे पार्किंग एफएसआयमध्ये मोजत नाहीत, पण सिमेंट-स्टीलचा खर्च तर होतोच. तो शेवटी फ्लॅटच्या किमतीतच येतो.

मग घोळ कुठे आहे?

पुण्यासह अनेक महापालिकांनी नकाशे तपासायला ऑटो-डीसीआर हे सॉफ्टवेअर वापरलं आहे. ते कॅड ड्रॉइंग वाचतं आणि नियमाप्रमाणे चौकटी आहेत का ते बघतं. पण ही तपासणी नकाशापुरती. इमारत उभी राहिल्यावर त्या चौकटीत कोणाची गाडी उभी आहे, हे त्या सिस्टीमला माहीत नसतं.

दुसरीकडे गाड्यांची नोंद 'वाहन' या डेटाबेसमध्ये असते. डेटाबेस शिकलेल्या कोणालाही अडचण लगेच कळेल: दोन टेबल आहेत, पण जोडायला कॉमन की नाही. प्रत्येक पार्किंगला स्वतःचा युनिक नंबर नसेल, तर एकाच जागेची पीडीएफ दाखवून तीन गाड्या नोंदवता येतील.

त्यात आणखी एक गुंता आहे. रेरा कायद्यानुसार ओपन पार्किंग हा सामाईक भाग, तो बिल्डरला विकता येत नाही. जागा कमी आणि गाड्या जास्त असतील तर अनेक सोसायट्या दरवर्षी चिठ्ठ्या टाकतात. यंदा चिठ्ठी लागली, गाडी घेतली, पुढच्या वर्षी लागली नाही. मग प्रमाणपत्राचं काय करायचं?

जपानने काय केलं?

जपानमध्ये १९६२ पासून असा कायदा आहे. घरापासून दोन किलोमीटरच्या आत जागा असल्याचा दाखला पोलीस ठाण्यातून घ्यावा लागतो. पण त्याच कायद्यात पुढची गोष्टही आहे: रस्त्यावर एकाच जागी सलग १२ तास, किंवा रात्री ८ तास गाडी ठेवता येत नाही. म्हणजे दाखला खोटा असला तरी गाडी रात्री लावणार कुठे? आपल्याकडे रात्री रस्त्याच्या कडेला फुकट गाडी लावता येते, तोवर प्रमाणपत्र हा आणखी एक कागदच ठरेल. आणि वाड्यात, चाळीत राहणाऱ्या माणसाला तर तो कागद मिळणारच नाही.

माझ्या मते क्रम उलटा हवा. आधी प्रत्येक पार्किंगला नंबर द्या आणि तो नकाशा, करारनामा आणि 'वाहन' तिन्हीकडे टाका. फ्लॅटची आणि पार्किंगची किंमत वेगळी दाखवा. ज्याला नको त्याला नाही म्हणता येऊ दे.

फ्लॅट घेत असाल तर एवढं करा

एप्रिल २०२४ मध्ये महारेराने कव्हर्ड पार्किंगची लांबी, रुंदी, उंची आणि नेमकी जागा करारनाम्यात लिहिणं बंधनकारक केलं. हा तपशील नसेल तर सही करू नका. बीमखाली गाडी मावत नाही, खांबामुळे दार उघडत नाही, हे ताबा घेतल्यावर कळून उपयोग नसतो. ओपन पार्किंगचे वेगळे पैसे मागितले, तर ते कोणत्या नियमाने, हे लेखी विचारा.

मी लेखी विचारलं. "मॅनेजरशी बोलून कळवतो" असं उत्तर आलं. अजून कळवलेलं नाही.